औषधांचा कस पाहणारे सराफ

औषधाच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर एक काचेची चौकट टांगलेली असते. तिच्यात परवान्याशेजारी एका नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे प्रमाणपत्र असते. गिऱ्हाइकाचे लक्ष सहसा तिच्याकडे जात नाही. ज्याचे नाव त्या कागदावर आहे तो गृहस्थ या घटकेला दुकानात आहे किंवा कसे, हे विचारण्याची तर आपल्याकडे रीतच नाही. चिठ्ठी पुढे करायची, गोळ्या घ्यायच्या, सुटे पैसे मोजायचे आणि निघायचे. त्या चौकटीत अडकलेली पदवी या देशात मुळात आली कशी, कोणी आणली आणि कशासाठी आणली, याची हकिकत मात्र जाणून घेण्यासारखी आहे. ती प्रामुख्याने एका माणसाची आणि एका विद्यापीठाची हकिकत आहे.

ज्यांचे बालपण पन्नास-साठ वर्षांपूर्वी गेले, त्यांना दवाखान्यातील कंपाउंडर आठवत असेल. घरून धुतलेली रिकामी बाटली घेऊन जायचे. पार्टिशनच्या खिडकीतून एक हात बाहेर येई, बाटली आत घेई आणि थोड्या वेळाने लाल किंवा पांढरे मिक्श्चर भरून ती परत देई. बाटलीच्या अंगाला कातरलेल्या कागदाची एक पट्टी डकवलेली असे, तिचा एकेक खाचा म्हणजे एकेक मात्रा. त्या मिक्श्चरात काय होते, हे रोगी विचारीत नसे आणि कंपाउंडर सांगत नसे. या मंडळींविषयी अनादराने बोलण्याचे कारण नाही. त्यांतील कित्येकांचा हात तराजूसारखा अचूक होता. परंतु त्यांची विद्या पाहून पाहून आलेली होती. समोरच्या बरणीवर जे नाव लिहिले आहे तेच द्रव्य बरणीत आहे काय, हे पडताळण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते आणि ते त्यांना कोणी शिकविलेलेही नव्हते.

ही उणीव केवढी घातक होती, ते १९३० च्या सुमारास सरकारदरबारी प्रथम नीट नोंदले गेले. त्या वर्षी हिंदुस्थान सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. चोप्रा हे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील औषधिविज्ञानाचे प्राध्यापक. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या, नमुने तपासले आणि १९३१ साली अहवाल दिला. बाजारातील औषधांची जी स्थिती त्यातून पुढे आली ती लाजिरवाणी होती. हिवतापाने दरवर्षी लाखो माणसे दगावत होती आणि त्यावरच्या क्विनीनमध्येच भेसळ होत होती. परदेशात विकता न येणारा निकृष्ट माल या देशाच्या बंदरात बिनदिक्कत उतरत होता, कारण तो अडविणारा कायदा येथे नव्हता. समितीने कायदा मागितला, सरकारी प्रयोगशाळा मागितल्या आणि त्याबरोबरच औषधनिर्मात्यांचे रीतसर शिक्षण व नोंदणीही मागितली. यांतील शेवटच्या मागणीकडे त्या वेळी फारच थोड्यांचे लक्ष गेले.

रीतसर शिक्षण अजिबात नव्हते असे नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज सरकारने १८४२ मध्ये वैद्यक-शल्यक विद्यालय काढले आणि त्यात औषधनिर्मितीचाही अभ्यासक्रम ठेवला. ब्रिटिश मुलखात वैद्यकीय शाळा आणि रुग्णालये यांना जोडून कंपाउंडरांचे वर्ग चालत. परंतु हे सारे शिक्षण वैद्यकाच्या ओसरीवरचे होते. डॉक्टरला हाताखाली माणूस लागतो, तो तयार करावा, एवढाच त्यामागचा विचार. औषधाचे शास्त्र हे स्वतंत्र शास्त्र आहे, त्याला विद्यापीठाची पदवी असावी, संशोधन असावे, ही कल्पना ब्रिटिश हिंदुस्थानात कोणत्याही विद्यापीठाने अमलात आणलेली नव्हती.

ती अमलात आणणाऱ्या महादेव लाल श्रॉफ यांचा जन्म ६ मार्च १९०२ रोजी बिहारातील दरभंगा येथे झाला. श्रॉफ म्हणजे सराफ. नाण्याचा आणि सोन्याचा कस पाहणारा. आडनावावरून माणसाचे भविष्य सांगण्याची हौस आपल्याला नसली, तरी या गृहस्थांच्या बाबतीत तो मोह आवरत नाही. कसोटीच्या दगडावर सोने घासून त्याचा बाणा ओळखावा, तशी औषधाची परीक्षा करणारी माणसे तयार करणे, हेच पुढे त्यांचे जीवितकार्य ठरले.

मजेची गोष्ट अशी की, ते स्वतः फार्मसी शिकलेले नव्हते. त्यांचे शिक्षण रसायनशास्त्राचे. १९२० नंतरच्या दशकात ते अमेरिकेला गेले, तेथे कॉर्नेल विद्यापीठात आणि पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकले. त्या काळात परदेशी शिक्षण म्हणजे विलायत, बॅरिस्टरी किंवा आय.सी.एस. असे समीकरण होते. अमेरिकेला जाणारे विद्यार्थी थोडे, आणि जाणारे बहुधा यंत्र, रसायन, शेती असे काही हाताने करण्याचे शास्त्र शिकण्यासाठी जात. श्रॉफ याच जातीचे.

परत आल्यावर त्यांना पंडित मदनमोहन मालवीय भेटले, हा देशाच्या दृष्टीने एक सुयोग म्हटला पाहिजे. मालवीयांची प्रतिमा आपल्या मनात पांढरा फेटा, कपाळी गंध आणि संस्कृतनिष्ठ भाषण अशी आहे. तिच्यामुळे त्यांची दुसरी बाजू झाकली जाते. १९१६ साली नेमलेल्या औद्योगिक आयोगाचे ते सभासद होते. आयोगाच्या अहवालास त्यांनी आपली स्वतंत्र व विस्तृत भिन्नमतपत्रिका जोडली आणि तंत्रशिक्षणावाचून या देशाचे दारिद्र्य हटणार नाही, हे सरकारला बजावले. १९१६ मध्येच स्थापन झालेल्या बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी धर्मशास्त्राबरोबर अभियांत्रिकी आणली, काच आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तंत्र आणले, औद्योगिक रसायनाचा विभाग काढला. या विभागात डॉ. एन. एन. गोडबोले हे मराठी प्राध्यापक होते, ही आपल्याकडे फारशी ठाऊक नसलेली गोष्ट. आयुर्वेदाचे अध्यापनही विद्यापीठात होतेच. अशा घरात आणखी एक खोली काढणे अवघड नव्हते. खोली कशाची, हे सांगणारा माणूस मात्र हवा होता.

१९३२ साली श्रॉफांनी बनारसला औषधी रसायन हा विषय सुरू केला. आरंभ फार सावध होता. नवी पदवी नाही, नवे नाव नाही, बी.एस्‌सी.च्या परीक्षेसाठी एक मुख्य विषय म्हणून तो ठेवण्यात आला. १९३४ मध्ये त्याला औषधनिर्मिती आणि औषधी वनस्पतींचे परीक्षण, म्हणजे फार्माकॉग्नोसी, यांची जोड देऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखला गेला. १९३७ साली मात्र संकोच टाकून देऊन तीन वर्षांची स्वतंत्र पदवी जाहीर झाली: बॅचलर ऑफ फार्मसी, बी.फार्म. देशातील ही पहिली. १९४० मध्ये पदव्युत्तर एम.फार्म.चीही सोय झाली. आठ वर्षांत एका विषयाचे एक शास्त्र झाले. विद्यापीठांच्या कारभाराची ज्यांना कल्पना आहे, एखादा नवा पेपर मंजूर करून घेण्यास किती सभा लागतात हे ज्यांनी भोगले आहे, त्यांना या आठ वर्षांची किंमत कळेल.

या पदवीत शिकवायचे काय? श्रॉफांच्या योजनेचा गाभा प्रयोगशाळेत होता. विद्यार्थ्याने वाळलेल्या पानांची पूड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि पेशींचे केस, पिष्टाचे कण, स्फटिकांचे आकार पाहून ती कोणत्या वनस्पतीची आहे आणि तिच्यात दुसरे काय मिसळले आहे, ते सांगायचे. सिंकोनाची साल घेऊन तिच्यातील क्विनीन वेगळे काढायचे आणि वजन करून दाखवायचे. औषधी क्षारात आर्सेनिक किंवा शिसे मर्यादेपलीकडे आहे काय, हे ठरीव कसोट्यांनी पाहायचे. मलम, अर्क, वटी, इंजेक्शनचा द्रव हे सारे करायचेच, पण केल्यावर ते तपासायचे. कंपाउंडरच्या शिक्षणात आणि या शिक्षणात खरा फरक या शेवटच्या क्रियापदात आहे. एकाला औषध मिसळता येत होते, दुसऱ्याला औषधाविषयी शंका घेता येत होती.

हा वाद अमेरिकेत साठ-सत्तर वर्षे आधी झडून गेला होता. १८६८ साली मिशिगन विद्यापीठाने फार्मसीचा अभ्यासक्रम काढला आणि अल्बर्ट प्रेस्कॉट या रसायनज्ञाने त्यातून दुकानातील उमेदवारीची अट वगळून तिच्या जागी प्रयोगशाळेतील काम ठेवले. दुकानदार मंडळी खवळली. १८७१ मध्ये औषधनिर्मात्यांच्या राष्ट्रीय अधिवेशनात प्रेस्कॉट यांना प्रतिनिधी म्हणून बसू दिले नाही. ज्या शाळेत उमेदवारी नाही ती फार्मसीची शाळाच नव्हे, असा पवित्रा होता. पुढे त्याच संघटनेने प्रेस्कॉट यांना आपला अध्यक्ष केले, हा काळाचा महिमा. अमेरिकेत शिकलेल्या श्रॉफांनी बनारसला जे उभारले, त्याची जात ही होती. इंग्लंडातील दुकानदारीशी बांधलेली उमेदवारी त्यांनी उचलली नाही, आणि ते बरेच झाले.

आता एक योगायोग पाहा. ज्या १९३७ साली बनारसला बी.फार्म. सुरू झाली, त्याच वर्षाच्या शरद ऋतूत अमेरिकेत एका औषधाने शंभरावर माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ होती. सल्फानिलामाइड हे तेव्हा नवे आणि गुणकारी औषध. ते पाण्यात विरघळत नाही. मुलांना देता यावे म्हणून एका कंपनीने ते डायएथिलिन ग्लायकॉल नावाच्या द्रवात विरघळवले, वास आणि चव घातली आणि बाजारात पाठविले. हा द्रव गोडसर, नितळ, ग्लिसरीनसारखाच दिसणारा. परंतु पोटात गेला की मूत्रपिंडे निकामी करणारा. विकण्यापूर्वी त्याची विषारीपणाची परीक्षा कोणी केली नव्हती, आणि ती करावी असा कायदाही नव्हता. कंपनीवर खटला भरता आला तो अल्कोहोल नसताना लेबलावर एलिक्झिर हा शब्द छापला म्हणून! पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने कायदा कडक केला. त्या द्रवाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुन्हा यावयाचे आहे.

पदवी निघाली, पण ती घेऊन जायचे कोठे? श्रॉफांच्या विद्यार्थ्यांसमोरचा हा प्रश्न आजच्या बेकार पदवीधराच्या प्रश्नाहून वेगळा होता. नोकऱ्या थोड्या होत्याच, पण त्याहून मोठी अडचण ही की, औषधनिर्माता म्हणून कायद्याला मान्य असा कोणी प्राणी देशात अस्तित्वातच नव्हता. कोणीही दुकान काढावे, कोणीही औषध कालवावे. तीन वर्षे सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसलेला पदवीधर आणि कालपर्यंत किराणा विकणारा दुकानदार हे कायद्याच्या लेखी सारखेच.

श्रॉफांचे मोठेपण माझ्या मते येथे दिसते. अभ्यासक्रम आखणारे प्राध्यापक पुष्कळ होऊन गेले. अभ्यासक्रमाला जगता यावे म्हणून भोवतालची जमीन तयार करणारे विरळा. १९३५ मध्येच त्यांनी संयुक्त प्रांतातील औषधनिर्मात्यांची संघटना स्थापन केली होती. १९३९ मध्ये तिचेच रूपांतर अखिल देशाच्या इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनमध्ये झाले. त्याच साली त्यांनी इंडियन जर्नल ऑफ फार्मसी हे त्रैमासिक काढले आणि त्याचे संपादन स्वतः अंगावर घेतले. महायुद्ध सुरू झालेले, कागद महागलेला, वर्गणीदार मोजके, आणि ज्यांच्यासाठी नियतकालिक काढायचे तो व्यवसायच अजून जन्माला यावयाचा. लेखक, वाचक आणि विषय या तिहींची जुळवाजुळव एकाच माणसाने करावी, असा तो खटाटोप होता.

कायदे आले ते सावकाश. चोप्रा समितीने औषधे आणि औषधनिर्माते यांचा विचार एकत्रच केला होता. सरकारने त्याचे दोन तुकडे केले. औषधांचा कायदा १९४० साली झाला आणि त्याचे नियम १९४५ साली. औषधनिर्मात्यांचा कायदा व्हायला स्वातंत्र्य यावे लागले; तो १९४८ चा. म्हणजे द्रव्यावर नियंत्रण नऊ वर्षांनी आणि माणसावर सतरा वर्षांनी. १९४९ मध्ये फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली आणि १९५३ मध्ये शिक्षणाचे पहिले नियम लागू झाले. तोवर मुंबई, लाहोर, अहमदाबाद येथे या विषयाचे अध्यापन सुरू झालेले होते. स्वतंत्र भारताची स्वतःची औषधसंहिता १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिच्या कसोट्या हाती घेऊन काम करणारी माणसे मिळू शकली, याचे पुष्कळसे श्रेय बनारसच्या त्या आरंभाला आहे.

श्रॉफ स्वतः १९४३ मध्ये बनारस सोडून गेले. कलकत्त्यास बिर्लांच्या औषधी कारखान्यात त्यांनी काम केले आणि नंतर राजस्थानात पिलानी येथे जाऊन पुन्हा एकदा शून्यापासून फार्मसीचे शिक्षण उभे केले. कारखाना पाहून शाळेत परतलेला शिक्षक, ही आपल्याकडची दुर्मीळ चीज आहे.

येथवर गौरव झाला. आता एक शंका मांडली पाहिजे, कारण ती न मांडणे हे श्रॉफांच्याच शिकवणुकीशी विसंगत होईल. त्यांच्या अभ्यासक्रमाचा कल रसायनाकडे होता, हे उघड आहे. त्यातून कारखान्याला तज्ज्ञ मिळाले, सरकारी प्रयोगशाळांना विश्लेषक मिळाले, महाविद्यालयांना प्राध्यापक मिळाले. भारत आज जगाला औषधे पुरवतो, त्याचा एक झरा तेथे आहे. पण गल्ल्यामागच्या जागेचे काय? पदवीधर तेथे उभा राहिला नाही. १९४८ च्या कायद्यानेही प्रारंभी अनुभवाच्या जोरावर नोंदणीची वाट मोकळी ठेवली. तसे केले नसते तर निम्मी दुकाने बंद पडली असती, हे मान्य. त्याच कायद्याचे ४२ वे कलम सांगते की, डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावे. प्रत्यक्षात कित्येक दुकानांतून माणसाऐवजी त्याचे प्रमाणपत्रच हजर असते. रोग्याशी बोलणारा, दोन औषधांचे वैर ओळखणारा औषधनिर्माता घडविण्याचा विचार शिक्षणात गंभीरपणे आला तो फार उशिरा; फार्म.डी.चा अभ्यासक्रम २००८ चा आणि व्यवसायाचे नियम २०१५ चे. याचा दोष एकट्या श्रॉफांवर टाकणे अन्यायाचे होईल. १९३२ मध्ये रोग्याला सल्ला देण्यापूर्वी क्विनीनमध्ये क्विनीन आहे काय, हे पाहणे भाग होते. तरीही पहिल्या आराखड्याला जो कल मिळतो तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

आणि पहिला प्रश्न तरी पूर्ण सुटला आहे काय? १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. ते ग्लिसरीन शुद्ध नव्हते. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साऱ्या साखळीवर कठोर ताशेरे ओढले. त्या अहवालाची चर्चा मराठी वृत्तपत्रांतून महिनोन्‌महिने चालली होती. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले गेली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणले होते. द्रव तोच. अमेरिकेतील त्या दुर्घटनेला अठ्ठ्याऐंशी वर्षे उलटली होती. ही भेसळ ओळखणे म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. तिची कसोटी औषधसंहितेत आहे, आणि साध्या प्रयोगशाळेत एका दिवसात ती करता येते. कच्च्या मालाचे पिंप उघडल्यावर ते पाखरणाऱ्या माणसाने ती करायची असते. श्रॉफांचा विद्यार्थी ज्या टेबलापाशी बसून शिकला, त्या टेबलावरचेच हे काम.

बनारसचा तो विभाग पुढे विद्यापीठाच्या तंत्रज्ञान संस्थेत गेला. २०१२ साली त्या संस्थेला आय.आय.टी.चा दर्जा मिळाला आणि आता विभागाच्या नावात अभियांत्रिकी हा शब्द आहे. शिकवली जाते ती बी.टेक.ची पदवी. ज्या घरात बी.फार्म. जन्मली त्या घराने तिचे नाव सोडले, हे कोणाला खटकेल, कोणाला स्वाभाविक वाटेल. मला ते थोडे खटकते.

महादेव लाल श्रॉफ २५ ऑगस्ट १९७१ रोजी वारले. फार्मसी कौन्सिल त्यांची जन्मतारीख, ६ मार्च, राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण दिन म्हणून पाळते. त्यांनी स्थापलेल्या असोसिएशनचे मुख्य कार्यालय मुंबईत कलिना येथे आहे, आणि १९३९ साली बनारसला चार-दोन माणसांच्या बळावर निघालेले ते नियतकालिक, नाव थोडे बदलून, अजूनही निघते.